मागच्या आसनाचा मान

बडोद्यातील जुन्या मराठी घरांपैकी ज्याची एकही फांदी आज अमेरिकेत रुजलेली नाही असे घर शोधूनच काढावे लागेल. मुले तिकडे गेली, नातवंडे तिकडचीच झाली, आणि त्यांच्याबरोबर तिकडचे सण-उत्सवही आपल्या बोलण्यात येऊ लागले. त्यांतला एक उत्सव दरवर्षी फेब्रुवारीत एका रविवारी रात्री असतो. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट झालेली असते. त्या वेळी ही मंडळी फोन उचलीत नाहीत, कारण सारे अमेरिकेतील अंतिम फुटबॉल सामना, म्हणजे ‘सुपर बोल’, पाहण्यात दंग असतात.

तंबोऱ्यावर उपजीविका करणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाने ह्या दांडगाईच्या खेळावर लिहावे, ह्याचे वाचकांना नवल वाटेल. मलाही हा खेळ परदेशी स्थायिक झालेल्या एका शिष्याने समजावून दिला म्हणूनच कळला. परंतु तो समजत असता त्याने १९७२ च्या एका हंगामाची हकीगत सांगितली, आणि ती मला थेट आपल्या बैठकीची हकीगत वाटली. मायामी डॉल्फिन्स नावाच्या संघाने त्या हंगामात सतरा सामने खेळले आणि सतराही जिंकले. अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये पहिल्या सामन्यापासून अंतिम विजयापर्यंत एकही हार किंवा बरोबरी नाही, असा हंगाम त्यापूर्वी झाला नव्हता. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे लोटली तरी पुन्हा झालेला नाही.

चार प्रयत्न, दहा यार्ड

हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू सोललेल्या नारळासारखा, दोन्ही टोकांना निमुळता. मैदान शंभर यार्डांचे, प्रत्येक बाजूस अकरा गडी. ज्या बाजूकडे चेंडू असेल तिने चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की सहा गुण, आणि त्याला ‘टचडाउन’ म्हणतात. त्यानंतर लाथेने चेंडू दोन खांबांमधून धाडला की एक गुण अधिक. नुसताच लाथेने धाडला तर तीन. आपल्या हुतूतूतील अडवणूक आणि बुद्धिबळातील मांडणी ह्यांचा संसार एकत्र थाटावा, असा काहीसा हा प्रकार आहे.

ह्या सर्व कारभाराचा सूत्रधार ‘क्वार्टरबॅक’. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू त्याच्या हाती येतो. तो धावणाऱ्या गड्याच्या हाती द्यायचा की दूर पळणाऱ्या गड्याकडे फेकायचा, हे त्याला क्षणार्धात साधावे लागते. बैठकीत मुख्य गवयाचे जे स्थान, तेच ह्याचे. तो चुकला की सारे बेसूर. म्हणून प्रत्येक संघ आणखी एक क्वार्टरबॅक बाळगतो. हा दुसरा मनुष्य सरावाला रोज येतो, सर्व डाव पाठ करतो आणि सामन्याच्या दिवशी मैदानाच्या कडेला उभा राहतो. पहिल्याला काही झाले नाही तर त्याचा हंगाम उभ्यानेच जातो.

आडतीस वर्षांचा राखीव गडी

डॉल्फिन्स हा काही मुरलेला संघ नव्हता. त्याचा जन्म १९६६ चा. पहिली वर्षे पराभवातच गेली. १९७० साली बाल्टिमोरहून डॉन शूला हे शिक्षक म्हणून आले, त्यांनी कडक तालीम लावली आणि दुसऱ्याच हंगामात संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला. जानेवारी १९७२ मधील त्या सामन्यात डॅलसने त्यांचा २४-३ असा धुव्वा उडविला. शूलांना हा घाव नवा नव्हता. जानेवारी १९६९ मध्ये ते बाल्टिमोरच्या संघाचे शिक्षक असताना अंतिम सामना असाच हातचा गेला होता, आणि तोही मायामीच्याच ऑरेंज बोल मैदानावर. ‘मोठा सामना ह्यांना जिंकता येत नाही’ असा शिक्का त्यांच्यावर बसला होता.

१९६९ च्या त्या पराभवात बाल्टिमोरचा क्वार्टरबॅक होता अर्ल मोरॉल. त्याची कथा ऐकण्याजोगी आहे. मिशिगनमधील मस्कीगन गावचा हा मुलगा १९५६ साली व्यावसायिक खेळात आला, आणि नंतर ह्या संघातून त्या संघात असा फिरत राहिला. सॅन फ्रान्सिस्को, पिट्सबर्ग, डेट्रॉइट, न्यूयॉर्क असे करीत १९६८ मध्ये तो बाल्टिमोरला पोचला. तिथे जॉनी युनायटस हा त्या काळचा सर्वांत नामांकित क्वार्टरबॅक होता. युनायटसचा हात दुखावला, मोरॉलला उभे केले गेले, आणि त्याने चौदांपैकी तेरा सामने जिंकून देऊन त्या वर्षीच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान मिळविला. मात्र अंतिम सामन्यात, पूर्वार्ध संपताना, एक सहकारी टचडाउनपाशी अगदी मोकळा उभा असता तो त्याला दिसलाच नाही. त्याने चेंडू दुसरीकडे फेकला आणि तो प्रतिपक्षाने पकडला. उत्तरार्धात त्याला बाहेर बसवून दुखऱ्या हाताच्या युनायटसला आणले गेले. वर्षभराची कमाई विसरून लोकांनी तो एक चुकलेला चेंडू लक्षात ठेवला.

दोन वर्षांनी, जानेवारी १९७१ मध्ये, त्याच ऑरेंज बोलवर बाल्टिमोर पुन्हा अंतिम सामन्यात उतरले. ह्या वेळी युनायटस जायबंदी झाला आणि मोरॉलने उरलेला सामना सांभाळून १६-१३ असा विजय मिळवून दिला. तरीही पुढे १९७२ मध्ये बाल्टिमोरने त्याला मोकळे केले. सोडून दिलेल्या गड्यासाठी जी ठरलेली रक्कम भरावी लागे ती शंभर डॉलर होती. शूलांनी ती भरून त्याला मायामीस आणले. तेव्हा तो आडतिसाव्या वर्षात होता. ह्या खेळात ते वय निवृत्तीचे, वानप्रस्थाचेच म्हणावयाचे.

१५ ऑक्टोबर १९७२

हंगामाची सुरुवात बॉब ग्रीसीच्या हाताखाली झाली. ग्रीसी सत्तावीस वर्षांचा, चष्मिष्ट वाटावा असा शांत, हिशेबी खेळाडू. कॅन्सस सिटीत नव्या मैदानावर २०-१०, ह्यूस्टनवर ३४-१३, मग मिनेसोटात कसोटी. तिथे शेवटच्या भागात संघ ६-१४ असा मागे होता. गारो येप्रेमियनने एक्कावन्न यार्डांवरून लाथेने तीन गुण मिळविले, आणि अखेरच्या मिनिटांत ग्रीसीने छोटा पास देऊन सामना १६-१४ असा खेचून आणला. चौथा सामना न्यूयॉर्कच्या जेट्सवर २७-१७.

पाचवा सामना ऑरेंज बोलवर, सॅन डिएगोशी. पहिल्याच भागात ग्रीसी चेंडू फेकीत असता दोन दणकट गडी त्याच्यावर कोसळले. उजव्या पायाचे हाड मोडले आणि घोटा निखळला. त्याला उचलून नेले, आणि ज्या मैदानावर पावणेचार वर्षांपूर्वी मोरॉलची नाचक्की झाली होती त्याच मैदानावर, अडतीस वर्षे वयाचा, बारीक कापलेल्या केसांचा तो मनुष्य पुढे झाला. सामना २४-१० असा जिंकला गेला.

इथून पुढचा हिशेब मुद्दाम देतो, कारण ‘बदली गडी’ ह्या शब्दाने जो समज होतो तो ह्या हिशेबात टिकत नाही. पुढच्याच आठवड्यात बफेलोविरुद्ध केवळ एका गुणाने, २४-२३ असा विजय. साऱ्या हंगामातील सर्वांत निसटता. मग बाल्टिमोरमध्ये, ज्यांनी मोरॉलला मोकळे केले त्यांच्याच घरी, २३-०. न्यू इंग्लंडवर ५२-०. हा शूलांचा शंभरावा विजय. १९ नोव्हेंबरला जेट्स पुढे होते, तेव्हा पास द्यायला कोणी मोकळे सापडेना म्हणून मोरॉल स्वतःच चेंडू घेऊन एकतीस यार्ड धावत सुटला आणि टचडाउन केले. तो सामना २८-२४. शेवटी १६ डिसेंबरला पुन्हा बाल्टिमोरवर १६-०, आणि साखळीतील चौदाच्या चौदा सामने पदरात. त्या वर्षी पास देण्यात लीगमध्ये सर्वांत वरची सरासरी कोणाची, तर ह्या शंभर डॉलरच्या म्हाताऱ्याची.

साथ म्हणजे काय

माझे वडील दरबारच्या अखेरच्या वर्षांत, मिसरूडही न फुटलेल्या वयात, कलावंत कारखान्यात लागले. मी त्यांचे उतारवयातील अपत्य. ते स्वतंत्र बैठकीपेक्षा मागे बसून गाणारे, ज्याला आपण स्वरसाथ म्हणतो ती करणारे. खाँसाहेबांनी जागा सोडली की ती भरायची, त्यांचा दम संपला की स्वर धरून ठेवायचा, आणि त्यांनी पुन्हा उचल घेतली की त्याच क्षणी आपला आवाज मागे घ्यायचा. ह्यांत भरणे एक वेळ सोपे. मागे घेणे अवघड. वडील मला सांगत की साथीदाराला दोन रियाझ असतात. एक गाण्याचा आणि एक गप्प राहण्याचा. पहिला न केला तर वेळ येईल तेव्हा गळा दगा देतो; दुसरा न केला तर वेळ टळल्यावर मन दगा देते.

मोरॉलने हे दोन्ही रियाझ केले होते. म्हणून त्याचा खेळ पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. त्याने ग्रीसीची जागा घेतली तेव्हा गायकी बदलली नाही. हा संघ मुळात पास देऊन चमकणारा नव्हता. धावून, रेटून, यार्डामागे यार्ड मिळविणारा होता. लॅरी झॉन्का आणि मर्क्युरी मॉरिस हे दोघे धावणारे, पहिला बैलासारखा सरळ घुसणारा, दुसरा वाऱ्यासारखा बगल देणारा. एकाच संघातील दोघांनी एकाच हंगामात हजार यार्डांचा टप्पा गाठावा, असे प्रथम त्याच वर्षी घडले. झॉन्काचे १,११७ झाले. मॉरिसचे आधी ९९१ मोजले होते; पूर्वीच्या एका सामन्यातील नऊ यार्डांचा तोटा चुकीने त्याच्या नावे मांडला गेल्याचे तपासाअंती आढळले आणि ते बरोबर १,००० झाले.

आणि ह्या दोघांमागे तिसरा होता, जिम कीक. आदल्या वर्षापर्यंत झॉन्काच्या जोडीला तोच असे. १९७२ मध्ये ती जागा मॉरिसला दिली गेली आणि कीक मागे सरला. त्याने कुरकुर केली नाही असे नाही, माणूसच तो. पण बाद फेरीची वेळ आली तेव्हा क्लीव्हलंडविरुद्धचे निर्णायक टचडाउन त्याचे, पिट्सबर्गविरुद्ध दोन त्याची, आणि अंतिम सामन्यातही एक त्याचेच.

बचावाची बाजू तर सगळीच अनामिक. डॅलसचे शिक्षक टॉम लँड्री ह्यांना १९७२ च्या अंतिम सामन्याआधी मायामीच्या बचावाविषयी विचारले असता त्यांना त्या गड्यांची नावे आठवेनात. तेव्हापासून ‘बिननावाचा बचाव’ हेच त्या तुकडीचे नाव पडले. निक बुओनिकाँटी हा तिचा म्होरक्या, बिल आर्न्सपार्गर तिचे शिक्षक. ह्या बिननावाच्या मंडळींनी चौदा सामन्यांत मिळून अवघे १७१ गुण दिले, आणि त्यांच्या संघाने ३८५ मिळविले.

आसन परत करणे

बाद फेरीत क्लीव्हलंडला २०-१४ असे हरवून संघ ३१ डिसेंबरला पिट्सबर्गला गेला. अपराजित संघाने परक्या घरी का जावे, असे आपल्याला वाटेल. परंतु त्या काळी उपान्त्य सामन्याचे यजमानपद पाळीने ठरत असे, गुणांनी नव्हे. पूर्वार्धात लॅरी सीपल ह्या गड्याने चेंडू दूर लाथाडण्याचा आव आणून तो घेऊन सदतीस यार्ड धाव घेतली, आणि मोरॉलच्या पासवर झॉन्काने बरोबरी केली. पण आक्रमण चालेना. मध्यंतराला ७-७. पाय सांधलेला ग्रीसी आता तयार होता. शूलांनी उत्तरार्धात त्याला उतरविले. त्याने पॉल वॉरफील्डला बावन्न यार्डांचा पास दिला, खेळाचा रंग बदलला, आणि सामना २१-१७ असा जिंकला.

आता प्रश्न असा की अंतिम सामन्यात कोण? ओळीने अकरा सामन्यांचा आरंभ मोरॉलने केला होता आणि अकराही जिंकले गेले होते. ज्याने ऐन अडचणीत तोलून धरले त्याला शेवटच्या बैठकीत मागे बसविणे न्याय्य की अन्याय्य? शूलांनी ग्रीसीला निवडले आणि मोरॉलला ते समोरासमोर सांगितले. मोरॉलने वाद घातला नाही.

ह्या ठिकाणी मी फार थांबलो. गुरू म्हणून मला शूलांचे म्हणणे पटते. बैठक ज्याच्या गळ्याभोवती उभी केली त्याचा गळा परत आला तर आसन त्याचे. पण साथीदाराचा मुलगा म्हणून मला हेही ठाऊक आहे की असा निर्णय मुकाट्याने ऐकून घेऊन दुसऱ्या दिवशी तंबोरा तितक्याच नेकीने जुळवायला काय पडते. जो हे करू शकत नाही त्याच्या असण्याने साऱ्या बैठकीत विष कालवले जाते. मायामीत ते कालवले गेले नाही. त्या हंगामाचे खरे रहस्य मला इथे दिसते.

चौदा-सात

१४ जानेवारी १९७३. लॉस एंजेलिसचे कोलिसियम, नव्वद हजारांवर प्रेक्षक, जानेवारीतही उन्हाळा वाटावा असे ऊन. प्रतिपक्ष वॉशिंग्टन. ग्रीसीने साऱ्या सामन्यात अकराच पास टाकले, त्यांतले आठ पोचले. एकावर हॉवर्ड ट्विलीने टचडाउन केले, दुसरे कीकने. जेक स्कॉट ह्या बचावाच्या गड्याने वॉशिंग्टनचे दोन पास हिरावले आणि सामन्याचा मानकरी तोच ठरला.

दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ उरला तेव्हा १४-० अशी स्थिती होती. येप्रेमियनची लाथ बसली की १७-०. सतरा विजयांच्या हंगामाला सतराचाच शेवट. हा येप्रेमियन सायप्रसमध्ये जन्मलेला अर्मेनियन, अंगाने लहानखुरा, चेंडू हातात घेण्याची सवय नसलेला. लाथेसाठी चेंडू जमिनीवर उभा धरण्याचे काम कोणाकडे? अर्ल मोरॉलकडे. आसन सुटले, पण सेवा सुटली नव्हती. लाथ अडविली गेली, चेंडू उसळून येप्रेमियनच्याच हाती आला, त्याने तो फेकायचा प्रयत्न केला आणि तो हातातून निसटून वर उडाला. वॉशिंग्टनच्या माइक बासने तो पकडून एकोणपन्नास यार्ड धाव घेतली. १४-७, आणि घड्याळात दोन मिनिटे सात सेकंद. पण बिननावाच्या मंडळींनी ती मिनिटे निभावून नेली. शूलांना खांद्यावर घेऊन गडी मैदानाबाहेर पडले, आणि त्यांच्यावरचा तो जुना शिक्का पुसला गेला.

पुढची हकीगत

पुढच्या वर्षीही डॉल्फिन्सनी अजिंक्यपद राखले, मात्र दोन सामने गमावून. नंतर अनेक संघ अपराजित राहण्याच्या जवळ आले. सर्वांत जवळ आला न्यू इंग्लंडचा २००७ चा संघ. ओळीने अठरा सामने जिंकून तो फेब्रुवारी २००८ मध्ये अंतिम सामन्याला उभा राहिला, आणि न्यूयॉर्कच्या जायंट्सकडून १७-१४ असा हरला.

शूला पुढे लीगच्या इतिहासात सर्वाधिक विजय मिळविणारे शिक्षक ठरले आणि २०२० साली नव्वदाव्या वर्षी वारले. ओहायोतील कँटन गावी ह्या खेळाच्या थोरांचे स्मारक-दालन आहे. तिथे त्या संघातील शूला, ग्रीसी, झॉन्का, वॉरफील्ड, बुओनिकाँटी ह्यांचे अर्धपुतळे आहेत. मोरॉलचा नाही. तो १९७६ पर्यंत खेळला, एकवीस हंगाम. पुढे मायामी विद्यापीठात त्याने तरुण क्वार्टरबॅक घडविले, आणि फ्लोरिडातील डेव्ही गावाचा महापौरही झाला. २०१४ साली तो गेला. मरणोत्तर तपासणीत त्याच्या मेंदूला डोक्यावरील वारंवार आघातांनी होणारा विकार शेवटच्या टप्प्याचा जडला होता, असे निष्पन्न झाले. बुओनिकाँटी आणि कीक ह्यांचीही तीच गत झाली. ह्या खेळाचे कौतुक करताना ही किंमत झाकून ठेवणे योग्य होणार नाही. कडेला उभा राहणारा मनुष्यही ती पुरेपूर मोजून गेला.

सतरापैकी अकरा सामन्यांचा आरंभ ज्याने केला त्याचा पुतळा दालनात नाही, ह्याचे मला पूर्वी वाईट वाटले असते. आता तितकेसे वाटत नाही. जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनावर मुख्य गवयाचेच नाव असते. पण सुई टेकली की त्याच्या श्वासाच्या फटीत दुसरा एक गळा ऐकू येतो. ज्याला ऐकण्याचा सराव आहे त्याला तो गळा कोणाचा हे सांगावे लागत नाही. आपल्या घरांतून आज जी मुले गाणे शिकतात त्यांना पहिल्याच वर्षी व्यासपीठ हवे असते, आणि त्यांच्या पालकांना ते त्यांच्याहूनही अधिक हवे असते. त्यांना मी ह्यापुढे मायामीच्या त्या हंगामाची गोष्ट सांगणार आहे. अपराजित राहिलेला संघ एकच, आणि त्याचा मोठा भाग मागच्या आसनावरच्या माणसाने राखला. तो राखता आला, कारण बोलावणे येईल की नाही हे ठाऊक नसताना त्याने रोजचा सराव सोडला नव्हता.